पडदा काळाच

६ नोव्हें., गुरुवार
सकाळी क्लास उघडून सगळे कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतात तो सर्वर चालू केला. पांढरी अक्षरं भराभरा वर गेली, अन् जिथं लॉगिनचं चित्र यायचं तिथं सगळं काळं. पंखा फिरतो, लाइट लागते, पडद्यावर काहीच न्हाई. काल मशीननं "अपडेट करू का" विचारलं अन् मी हो दाबलं. कशाला दाबलं मी! सोमवारी टायपिंगची परीक्षा, सेंटर माझ्याच क्लासमध्ये. सहा पोरी. पाच जणी पुढच्या वेळी बसतील. रेणुकाचं तसं न्हाई, मंगळवारी तिच्या घरचे मेंढरं घेऊन निघतात, ते पावसाळ्याच्या तोंडी वापस.

दुरुस्तीवाले इम्रानभाई जालन्याला. फोन केला. "मंगळवारपर्यंत न्हाई जमत बाई, घरात शादी आहे. मॉनिटर बदलून बघा." बदलला. तेच.

७, शुक्र.
इ.भाई फोनवर : "न बघता पासवर्ड टाका. आवाज आला तर मशीन जिवंत आहे." तीस वर्षं पोरींना सांगते, बोटांना डोळे पाहिजेत. घ्या आता! अकरा वेळा टाकला. आवाज न्हाई. टेबलावर हात आपटला, तर हातच सुजला.

८, शनि.
रेणुका सरावाला आल्ती. माझा तमाशा बघत उभी राहिली. मंग हळूच म्हणे, "बाई, आपला कीबोर्ड तर मराठीत उघडतो ना?"

अगं माय! पोरींचा वेळ जाऊ नये म्हणून मीच तसं करून ठेवल्तं. दोन दिवस पासवर्ड मराठीत जाऊन राह्यला. इंग्रजी केलं, टाकला, अन् टुंग वाजलं. दोघी नाचलो. पण पडदा काळाच. इ.भाई फोनवर एकेक अक्षर सांगत गेले, मी न बघता टाइप करत गेले, बंद करून चालू केलं. काळंच. आत सगळं चालू अन् दिसत काहीच न्हाई. पोरीसमोरच रडले. लाज वाटली.

९, रवि.
परीक्षेच्या ऑफिसातून फोन आला. सेंटर जालन्याला हलवलं. पाच जणी घरच्यांबरोबर जातील. रेणुकाच्या वस्तीवर गेले.

तिचे वडील : "इथं मंठ्यापुरतंच ठरल्तं बाई. जालन्याला कोण नेईल? उद्या सामान बांधायचंय."
"मी नेते, दादा."
"पास झाली तर नोकरी लागंल का?"
हो म्हणावं तर खोटं. न्हाई म्हणावं तर...
"बघतो," म्हणले. "पाठवलं तर सकाळी स्टँडवर येईल."
रेणुका मागं भांडी घासत होती. मान वर केली न्हाई. चूक माझी अन् भोगणार ती.

१०, सोम.
मंठा स्टँड. जालना गाडीत बसून लिहिते. पावणेसातची, सात वाजत आले. रेणुकाचं हॉलतिकीट माझ्याच पिशवीत. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली, दोघींना भांडून उठवलं. रस्त्याकडं बघून बघून मान दुखली.

ड्रायव्हर चढला. कंडक्टर म्हणे, "बाई, एक का दोन?"

दोन म्हणले.