दोन्ही बाह्या डाव्या

घरच्या मालकीणबाईंस,

तुझ्या म्हाताऱ्या शिंप्याचे अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. तुझा गुडघा काय म्हणतो? भरलेली बादली उचलत नाहीस ना?

परवा इथे जरा गंमतच झाली. गिऱ्हाइकाने काळा कोट घालून पाहिला, तर उजव्या बाहीचं कोपर भलतीकडेच वळलेलं! बाह्या जोडणारी बाई नवीन आहे. "उलटी जोडलीस की!" म्हणून मी सगळ्या कारखान्यादेखत तिच्यावर खेकसलो. मालक तर तिला कायमची घरी पाठवायला निघाले.

मग मी शिवण उसवली आणि दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवल्या, तर दोन्ही डाव्याच. त्या कापल्या होत्या मीच. काळ्या कापडाची उलट-सुलट बाजूच मला दिसली नव्हती.

मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "बाई, चूक माझी."

ती म्हणाली, "काका, ओरडलात चारचौघांत आणि कबुली कानात होय?"

मग मशिनी थांबवायला लावल्या आणि खणखणीत आवाजात सांगितलं. मालक जरा गुरगुरले, पण तिचं काम टिकलं. उरल्या कापडातून उजवी बाहीही निघाली.

आणि हो, मी चष्मा घेतला. तू सुचवलंस तेव्हा व्याह्यांसमोर मी तुला "आधी तुझे डोळे तपास" म्हणालो होतो. तेव्हा व्याही येतील त्या दिवशी सूनबाईला हे पत्र मोठ्यानं वाचायला सांग.

तुझाच,
चष्मेवाला