भिंतीपलीकडच्या आवाजासाठी केलेली बादली

मी, तोकुजी ओबाता, वय एक्याऐंशी, धंदा लाकडी बादल्या करण्याचा, राहणार उवाजिमा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी. डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वीच मृत्युपत्र करायला सांगितलं होतं. पण लिहिलं आणि लगेच मेलो तर, या भीतीने लिहिलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, चुका पोटात घालाव्यात.

१. घर आणि मागची दोन संत्र्याची झाडं पत्नी फुसाएला, सर्व हक्कानिशी. तिच्यामागे मुलगा काझुहिकोला. त्याने घरात न्हाणी बसवली, प्लॅस्टिकच्या टबासकट, ते चांगल्या मनाने केलं हे मी मान्य करतो. एवढंच मान्य करतो.

२. रंधे, पटाशा आणि हातोडे जो वापरील त्याला. शोभेला मांडणाऱ्याला नाही. पुतण्या सेइगो प्लॅस्टिकची घमेली विकतो. त्याला माझी एक गळकी बादली.

३. आता छोटी बादली. तांब्याच्या कड्यांची, गाद्यांमागे आहे ती. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

संसाराला बावन्न वर्षं झाली. फुसाए वाईट नाही, मीही नाही, पण जेवताना "मीठ?" "आहे." एवढंच बोलणं होतं. पूर्वी आम्ही गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात जात असू. पुरुष इकडे, बायका तिकडे, मधे छताला न टेकणारी भिंत. माझं आटोपलं की मी हाक मारायचो, "निघू या का?" ती म्हणायची, "निघा." घरात न्हाणी आल्यावर तिने येणं सोडलं. मी गुडघ्याचं निमित्त करून जात राहिलो.

गेल्या वसंतात एका गुरुवारी सवयीने हाक गेली. पलीकडून बाईचा आवाज आला, "थांबा हो, डोकं धुतेय."

मी थांबलो. पाऊण तास थांबलो. बोटं खारवलेल्या आलुबुखारासारखी झाली.

पुढे दर गुरुवारी हाक, दर गुरुवारी उत्तर. त्या दिवशी मी दोनदा दाढी करू लागलो. न्हाणीघराच्या गल्ल्यावर उंच बसून दोन्ही बाजू पाहणाऱ्या किनुकोबाई म्हणाल्या, "आजोबा, एवढं घासू नका, काही उरायचं नाही." घरी गुणगुणलो, तर फुसाएने विचारलं, "अहो, दात दुखतोय का?"

त्या आवाजासाठी मी ही बादली केली. ऑक्टोबरात ती घेऊन दाराशी उभा राहिलो. छाती अशी धडधडली, की मृत्युपत्र न लिहिल्याचा पश्चात्ताप झाला.

बाहेर आल्या त्या माझ्याहून थोरल्या, कमरेत वाकलेल्या. मिने त्यांचं नाव.

"हाक मारणारे तुम्हीच का? आमचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्या बाजूने हाक आली की उत्तर निघतंच तोंडातून. तुमची नाही येत?"

"ती घरीच न्हाते."

"मग तिला हाक कोण मारतं?"

मी बादली पाठीमागे धरून घरी आलो.

फुसाएला ती सापडली आहे. तिने धूळ पुसून परत होती तिथेच ठेवली. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

तर ही बादली फुसाएला. मेल्यावर नव्हे, आज. दुसरीसाठी केली, हे खरं आहे. पण मूठ फुसाएच्या हाताच्या मापाची आहे. दुसऱ्या कुठल्या बाईच्या हाताचं माप मला माहीतच नाही.

सही व शिक्का : तोकुजी ओबाता

साक्षीदार :
किनुको इशिमोतो, न्हाणीघर. (वाचून सही केली. यांनी कोणाचा हातही धरलेला नाही, मी वरून पाहत होते.)
मिने तोदा, वय शहाऐंशी. (चष्मा घरी राहिला. तरी खरं आहे.)

ठिकाण : उवाजिमा
तारीख : १६ डिसेंबर, शोवा ५८ (इ. स. १९८३)

ता. क. फुसाए, हे कागद तांदळाच्या डब्यात ठेवतोय, म्हणजे संध्याकाळी तुला मिळतील. येत्या गुरुवारी वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. रिवाजाप्रमाणे हौदात युझूची लिंबं सोडणार आहेत. मी इकडून हाक मारीन. मिनेबाईंना त्या दिवशी गप्प बसायला सांगितलं आहे. येणार की नाही ते आधी कळव. बोलावंसं वाटलं नाही तर ती बादली बरोबर न्यायला म्हणून बाहेरच्या दाराशी ठेव, येणार असं मी समजेन. पण लवकर कळव. मी शेजारच्या खोलीतच बसलोय.