वड्याचे वरचे पाच रुपये

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

आजपासून कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वडा पाच रुपयांनी महाग. पाटी लावलीय, तळलेल्या पदार्थांवर आरोग्य कर. शेजारी मोडाची मटकी फुकट. तेही एक वेळ ठीक. पण मी वडा घेतला तर कंपनीनं नेमलेल्या आहाराच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, मटकी फुकट असताना वडाच? तुम्हा लोकांना कळत कसं नाही?"

मी वडा घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले. का बसले? चाकणहून काळेवाडीपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात.

कळत नाही म्हणे. मटकी मला शिकवणार? भिजत मी घालते, फडक्यात मी बांधते, पहाटे चारला उठून फोडणीही मीच देते. ह्यांचा डबा, पोरीचा डबा, सासूबाईंचं ताट. उरली तर मला, तीही गार. मग पळत पळत फर्स्ट शिफ्टची बस.

तेल वाईट, हे मलाही कळतं. पण दिवसभरात दुसऱ्या कुणीतरी केलेला गरम घास माझ्या हातात येतो, तो एवढाच. तो वडा मी तळलेला नसतो. त्याची कढई मला घासायची नसते.

हे तिथंच सांगायला हवं होतं. उद्या मॅडमनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.

आत्ताच फडकं सोडून बघितलं, मटकीला छान मोड आलेत. सकाळी सगळ्यांच्या डब्यात जाईल. वरचे पाच रुपये मी पर्समध्ये वेगळे काढून ठेवलेत.