जैबूनची शेवटची अंघोळ

प्रिय आयरा,

सलाम आणि खूप दुआ. फोन केला असता तर तू लगेच 'जाऊ दे खाला' म्हणाली असतीस आणि मीही खरंच जाऊ दिलं असतं. म्हणून लिहायला बसले.

माझा गुडघा तसाच आहे. आमचे हे, तुझे खालू, कुसगावच्या दुकानात पंक्चर काढतात आणि घरी आले की मला टोचतात. मी बायकांच्या मय्यतीला गुस्ल द्यायला, शेवटची अंघोळ घालायला जाते, त्यावरून त्यांचं जुनंच चाललेलं असतं, "लैला, सवाबाची तुजी वर अल्लाकडं मोठी एफडी झाली असंल. मला नॉमिनी लाव." त्यांच्या मते माणूस जे करतो ते स्वतःसाठीच. ते फुकट हवा भरून देतात, तेही गिऱ्हाईक परत यावं म्हणून. मी चिडायचे. सख्ख्या सुना दारात थबकतात तिथे मी हात लावते, यात कसला आलाय फायदा?

मग मळवलीची आपली जैबून गेली. माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मी कापूर घेऊन पोचले, तर तिच्या लेकीने, उझमाने सांगितलं की अम्मीने जाण्याआधी गुस्लासाठी आयराचं नाव घेतलंय. तुला हे काम मीच शिकवलेलं. तरी मला कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं आणि तू पदर खोचलास.

मी सगळं पाहत होते. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिलंस. उजवी बाजू आधी घेतलीस. अंगावरची चादर जराही सरकू दिली नाहीस, आणि गुंतलेले केस सोडवताना 'झालंच हं, जैबूनखाला' म्हणत राहिलीस. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि मी रडत नव्हते गं. मला राग आला होता. माझी मय्यत तुला मिळाली, असं मनात आलं. लिहितानाही शरम वाटते.

तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुआला बायका जमल्या होत्या. उझमाने मला विचारलं, "खाला, तुमी तितंच बसला व्हता. अम्मीचं समदं नीट झालं ना?" नुसतं हो म्हणायचं होतं. मी उसासा टाकून म्हणाले, "झालं ते झालं बाई. अल्ला माफ करणारा आहे." बघ, खोटं एक अक्षर बोलले नाही. बायका काय समजायचं ते समजल्या. त्यानंतर तुला गुस्लाला कुणी बोलावलं नाही. तू मला फोन करून विचारलंस, माझं काय चुकलं म्हणून, तर मी 'लोकांचं मनावर घेऊ नये' असा शहाणपणाही शिकवला.

परवा उझमा घरी आली. पार वाळली आहे. अम्मी अपुऱ्या गुस्लाने गेली असेल तर आता काही करता येईल का, हे ती मौलानांना विचारून आली होती. उठता उठता म्हणाली, "अम्मी म्हनली व्हती, लैलाला लावू नका. माज्या अंगाला हात लावताना तिला लय रडू येईल. आयराला सांगा." तेव्हाही माझ्या तोंडून खरं निघालं नाही. रात्री मी खालूंना विचारलं, यात जैबूनचा काय फायदा होता ते सांगा. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "न्हाई सापडत."

शुक्रवारी जैबूनचा चाळिसावा आहे. सगळ्या बायकांसमोर उझमाला सांगणार आहे, की आयराचं काही चुकलं नव्हतं, लैला जळली होती. ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायला नको, म्हणून हे पत्र. माफ करायची घाई करू नकोस. पण माझी वेळ येईल तेव्हा मला अंघोळ तूच घाल. तसे हळू केस दुसरं कुणी सोडवणार नाही. बघ, माफी मागायला बसले आणि शेवटी स्वतःसाठीच मागून मोकळी झाले.

तुझीच,
लैलाखाला