वेशीवरची राक्षसीण

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५
हयवदनने माझं राक्षसिणीचं चित्र परत पाठवलं! तिसऱ्यांदा. आमचा टीम लीड. म्हणे, ही वेशीवर पहारा देत नाहीये, दोरीवर वाळत घातलीये. शुक्रवारपर्यंत जिवंत वाटली नाही तर गेममधून बाद, तिच्या जागी ड्रॅगन. ड्रॅगन काय, सगळ्यांकडेच असतो! माझी राक्षसीण मी सोडणार नाही. राग आलाय, आणि थोडं रडूही.

मंगळवार, ९
घरूनच काम. गॅलरीत मॉप भाल्यासारखा धरून उभी राहिले, मोबाइलला टायमर लावून फोटो काढले. समोरच्या कावेरीअक्का कपडे वाळत घालायच्या थांबल्या. बघू देत. फोटो पाहिल्यावर कळलं — माझी राक्षसीण दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी होती, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी. असं कोण उभं राहतं! भार एका पायावर टाकला, त्या बाजूची कंबर वर, खांदा खाली. मोकळा हात आपोआप पाठीशी गेला. तसंच काढलं.

बुधवार
आज रंग. हिरवी कातडी प्लास्टिकच्या बादलीसारखी दिसत होती. आरसा घेऊन स्वतःलाच बघत बसले. कान, नाकाचा शेंडा, बोटांची पेरं तांबूस. डोळ्यांखाली जांभळट. ओठ जवळजवळ पांढरे. एकेक छटा हिरव्यात मिसळत गेले आणि बाई श्वास घ्यायला लागली! खूप दिवसांनी एवढी मजा आली.

गुरुवार
भाल्याचं टोक राहिलंय. झोप येतेय.

शुक्रवार, १२
राहिली! हयवदनने चित्र मोठं करून पाहिलं. मग म्हणाला, "बिचारीला कोणीतरी खुर्ची द्या." ड्रॅगन गेला उडत! कोपऱ्यावरच्या दुकानातून मी ऑफिसातल्या सगळ्यांसाठी मैसूरपाक आणला. मला मात्र तुपाचा वासच नको झाला.

शनिवार, १३
निपाणीहून सासूबाई आल्या. प्रणीतने मोठ्या कौतुकाने बायकोने काढलेलं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. प्रणीत चहा टाकायला आत गेला तेव्हा हळूच म्हणाल्या, "ही राक्षसीण पोटुशी हाय की ग."
मी पोट धरून हसले. त्या हसल्या नाहीत.

मंगळवार, १६
डॉक्टर म्हणाल्या, बाळ मे महिन्यात. प्रणीत अजून ऑफिसात आहे. मला एका जागी उभं राहवत नाहीये!