चालक क्रमांक एक

२ जून, सोमवार
नवी गाडी आली. स्टिअरिंगमागे स्क्रीन. चालवता चालवता दर क्षणाचं ॲव्हरेज दाखवते. नीट चालवलं की कोपऱ्यात रोपटं उगवतं आणि त्याला पानं फुटतात. पाच पानं म्हणजे उत्कृष्ट. आजवर माझं ड्रायव्हिंग कोणी मोजलंच नव्हतं. बायको नुसती दाराची मूठ घट्ट धरून बसायची. आता यंत्र बोलेल.
बायकोने पहिला प्रश्न विचारला, डिकीत बॅगा किती मावतात. काय बोलणार!

३ जून
सकाळी घर ते ऑफिस. ३१.४. पाच पानं. पहिल्याच दिवशी! पार्किंगमध्ये स्क्रीनचा फोटो काढून अकाउंटंटला दाखवला. त्याची गाडी तेरा देते. तेरा. असल्या माणसाच्या हातात कंपनीचे हिशेब आहेत.
संध्याकाळी ऑफिस ते घर. ८.९. एक पान नाही. रोपट्याने मान टाकलेली.
कारण शोधायला हवं.

४ जून
कारण सापडलं. थकवा. दिवसभर मूर्खांत बसून डोकं शिणतं. डोक्यातला शीण पायात उतरतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर असतो. सकाळचा मी आणि संध्याकाळचा मी ही दोन वेगळी माणसं आहेत. गाडी फक्त सकाळच्या माणसाने चालवावी.
उपाय: संध्याकाळी बायको चालवेल. तिची लॅब माझ्या ऑफिसपासून दोन चौकांवर. सकाळी ती बसने जाते, तिला लवकर पोचावं लागतं. संध्याकाळी मला घ्यायला यायचं आणि स्टिअरिंगवर बसायचं. लायसन्स आहेच, दोन वर्षं कपाटात पडून.
स्क्रीनमध्ये दोन चालकांची खाती ठेवता येतात. चालक १ मी. चालक २ ती. ज्याचं पुण्य त्याच्या खात्यात. न्याय म्हणजे न्याय.

९ जून
सासूबाई राहायला आल्या. लेक गाडी चालवते हे पाहून त्यांना भरून आलं. म्हणाल्या, जावईबापू, तुमच्याइतका पुढारलेला पुरुष आमच्या घराण्यात झाला नाही. खरं आहे. मी त्यांचं घराणं पाहिलंय.

१७ जून
चालक १: ३०.८. चालक २: ८.१.
तफावत लाजिरवाणी. तोच रस्ता, तीच गाडी, तेच टायर. फरक फक्त पायात आणि बुद्धीत.
संध्याकाळी शेजारी बसून सूचना दिल्या. पाय हलका. पुढचा गिअर. ॲक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय असं समज. बायको म्हणाली, अंडं ठेवलं तर गाडी उलटी तुमच्या ऑफिसात जाईल.
उर्मटपणा हे बेशिस्त चालकाचं पहिलं लक्षण.

१८ जून
सूचना चालू. आज वळणावर बायको म्हणाली, अहो, एक तर तुम्ही बोला नाहीतर मी चालवते. म्हटलं, दोन्ही एकदम होऊ शकतं. तिने रेडिओ लावला. रेडिओलाही इंधन लागतं, हे सांगितलं. तिने आवाज वाढवला.

२० जून
सासूबाईंना लॅबमध्ये तपासणीला रक्त द्यायचं होतं. सकाळी माझ्याबरोबर आल्या. पाण्याच्या टाकीपासून खाली, अख्ख्या टेकडीभर मी ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. सासूबाईंना रोपटं दाखवलं. त्या म्हणाल्या, छान आहे, पण याला पाणी कोण घालतं?
संध्याकाळी परतताना त्यांनी मागच्या सीटवरून विचारलं, जावईबापू, सकाळी आपण इथून उतरलो ना? म्हटलं, हो. आणि आता चढतोय? म्हटलं, हो. मी विचारलं, मग? मग काही नाही, म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. बायको आरशात बघून हसली. ॲव्हरेज तेव्हा सात होतं. सातवर हसू कसं येतं?
जेवताना समजावून सांगितलं, की रस्ता एकच आहे. जितका उतार तितकाच चढ, बेरीज शून्य. सासूबाई म्हणाल्या, मग शून्यातला उतार तुमच्या ताटात आणि चढ तिच्या, असं कोणी वाढलं?
सासूबाई तीस वर्षं शाळेत होत्या. शिकवायला. त्या मुलांचं पुढे काय झालं असेल!

२६ जून
अकाउंटंटने विचारलं, रोज सकाळचाच फोटो का, संध्याकाळचा कुठाय? म्हटलं, संध्याकाळ हा बायकोचा विभाग आहे. तो म्हणाला, वा, आमच्याकडे सगळेच विभाग तिचे आहेत. असल्या माणसाशी काय बोलायचं. निदान त्याला लाज वाटत नाही हे दिसलं.

१ जुलै
बायकोला नव्या हॉस्पिटलमध्ये लॅबची प्रमुख म्हणून बोलावलंय. नदीपलीकडे. सकाळी सहाला हजर. त्या वेळी बस नाही. सोमवारी होय-नाही कळवायचं. गाडी लागेल म्हणाली.
पद मिळालं याचा आनंद आहेच. (आधी कोणी तरी नकार दिला असणार.) पण गाडी? आठ देणाऱ्या पायाखाली रोज नदीपलीकडे? मी स्पष्ट सांगितलं, प्रश्न पेट्रोलचा नाही, तत्त्वाचा आहे. ज्याचं ॲव्हरेज त्याची गाडी.
बायको म्हणाली, सोळा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नळ्या भरल्या, आता स्वतःची लॅब मिळतेय, आणि तुम्ही मला पान दाखवताय?
म्हटलं, पाच पानं.
मग बायको म्हणाली, ठीक आहे. रविवारी मी खाली नेते, तुम्ही वर आणा. ज्याचं ॲव्हरेज त्याची गाडी. कबूल?
माझंच तत्त्व माझ्यावर! कबूल केलं. हसूच आलं.

४ जुलै
तयारी. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणी काढली. टायरांत हवा टणटणीत. सासूबाईंना यायचं होतं. वजन विचारणं भाग होतं. त्यांनी सांगितलं नाही आणि माझं विचारलं.
चढाचा विचार केला. चढ ही घाबरटांची सबब आहे. योग्य गिअर, हलका पाय, मन शांत. एवढं पुरतं.

५ जुलै
बायको सराव करत नाही. पुस्तक वाचतेय. रक्ताच्या आजारांवरचं. असा आत्मविश्वास अज्ञानातूनच येतो.

६ जुलै, रविवार
सकाळी ९. बायकोने खाली नेली. ३३.२. पाच पानं. वारा मागून होता.
दुपारी १२. घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
चौकातून निघालो. पाय हलका, चौथा गिअर. पहिल्या वळणापर्यंत १२ टिकवलं. मागे हॉर्न सुरू झाले. इंधन वाचवणाऱ्याला समाज कधीच साथ देत नाही. दुसऱ्या वळणावर पुढचा ट्रक थांबला, म्हणून मीही थांबलो. ट्रक गेला. मी निघालो. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा क्लच सोडला तर गाडी निघाली, पण मागे. मी ब्रेक शोधत होतो. म्हणजे ब्रेक कुठाय ते माहीत होतं, पाय दुसरीकडे होता. बायकोने हँडब्रेक ओढला. तोवर मागच्या भाजीच्या टेम्पोला बंपर टेकला होता.
टेम्पोवाला खिडकीशी आला. शिव्या देईल वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून पलीकडे म्हणाला, ताई, आज तुम्ही नाही का? ताई म्हणाली, आज यांची पाळी. तो म्हणाला, मग मी टेम्पो जरा मागे घेतो.
आणखी दोनदा प्रयत्न केला. रांग खाली चौकापर्यंत गेल्याचं नंतर कळलं. शेवटी मी आपणहून उतरलो. उजव्या दारातून डाव्या दारापर्यंतचं अंतर एरवी इतकं वाटत नाही. मागे कोणी तरी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी की तिच्यासाठी, ते कळलं नाही.
पुढचा भाग तिच्या खात्यात धरायचा, असं मी सांगितलं. नियम म्हणजे नियम. तिने खातं बदललं.
चालक १: ४.३. चालक २: ९.
सासूबाई दारातच उभ्या. आकडे विचारले. सांगितले. म्हणाल्या, शाळेत असताना मी नऊ आणि चार यांतलं मोठं कोणतं, ते पहिलीत शिकवत होते.

७ जुलै
स्क्रीन बिघडलीय. सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली. तपासून म्हणाले, काही बिघाड नाही. नवी पोरं, यांना काय कळतं. साहेबी आवाजात तक्रार नोंदवायला सांगितलं. त्यांनी विचारलं, तक्रार चालक एकची की दोनची?
बायकोने हॉस्पिटलला होकार कळवला. मला विचारलं नाही. मी नाही म्हणणार नव्हतोच. तत्त्वाचा माणूस आहे. फक्त तत्त्व नव्याने मांडायचं होतं, तेवढाही वेळ दिला नाही.

९ जुलै
बायकोला प्रस्ताव दिला. आठवड्यातून एक सकाळ गाडी मला, निव्वळ नमुना म्हणून, तिला शिकायला मिळावं म्हणून. म्हणाली, अहो, मला सहाला पोचायचंय, शिकायचं नाहीये. सासूबाई टीव्ही बघत होत्या. आवाज बंद करून ऐकलं.

१४ जुलै, सोमवार
बायकोचा पहिला दिवस. उजाडायच्या आत गाडी गेली. गॅलरीतून पाहिलं. ओरडून सांगणार होतो, पाय हलका. शेजारी झोपलेले असतील म्हणून सांगितलं नाही.
बसने ऑफिस. अकाउंटंट म्हणाला, आजचा फोटो? म्हटलं, स्क्रीन दुरुस्तीला आहे. तो म्हणाला, आणि गाडी? सहानुभूतीने विचारलं. त्याची सहानुभूती! तेरावाल्याची!
परतीची बस खालच्या चौकातच संपते. पुढे पायी. पहिल्या वळणावर थांबलो, देखावा पाहायला. दुसऱ्यावर बुटाची नाडी बांधायला. त्यानंतर जिथे थांबलो तिथे कारण सुचलं नाही, कठडा धरून नुसता उभा राहिलो.
मागून आपली गाडी आली. बायकोने ऐन वळणावर थांबवली, काच खाली केली. तोंडावर दिवसभराचा शीण, पण डोळे हसरे. लॅबमध्ये सगळ्यांनी उभं राहून स्वागत केलं म्हणाली. मग म्हणाली, बसता ना? म्हटलं, नको, चालणं तब्येतीला चांगलं. माझ्याकडे नीट पाहिलं. नक्की? नक्की. बरं, या मग सावकाश, म्हणाली. गाडी बोटभरही मागे न सरकता निघून गेली.
घरी आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. सासूबाईंनी पाणी दिलं. दोन पेले प्यालो.
चढ आहे.
बराच आहे.