मिरजेला उलटी फिरलेली गाडी

अवं, ऐकताय न्हवं,

तुमचं नाव लिहायला अजून हात अडतो, म्हणून अशीच हाक मारते. काल मी मिरजेला जाऊन आले. विजेच्या गाडीनं, आपल्या नातीबरोबर, मयुरीबरोबर. त्यात माझ्याकडून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

पण आधी गाडीचं. धूर नाही, धडधड नाही. सुटली कधी तेच कळलं नाही. मी म्हटलं, "अगं मयुरी, स्टेशन चाललं की." पोरगी हसून लोळली.

तुम्ही रोज कामावरून यायचात ती संध्याकाळची गाडी कशी, गूळ मार्केट स्टेशनाला शिट्टी दिली की मी चहाचं आधण ठेवायचे. कोळशाचं इंजिन होतं तोवर सदऱ्याची कॉलर काळी. मग डिझेल आलं, तर तेलाचा वास. साबण तेवढाच लागायचा. ते असू दे.

लग्न होऊन भिलवडीहून येताना मिरजेला इंजिन काढून मागच्या टोकाला जोडलं, आठवतं? गाडी आल्या वाटेनंच निघाली. मला वाटलं, चालली माहेराला परत. रडायचं थांबवून पदराआडून विचारलं, "भिलवडी कधी येईल?" तुम्ही म्हणालात, "झोप. आलं की उठवतो." उठवलंत ते कोल्हापुरात. फसवून आणलं म्हणून जन्मभर टोमणे मारले मी. खरं सांगू? तशी झोप पुन्हा कधी लागली नाही.

शेवटच्या आजारात तुम्ही म्हणालात, "चल, एकदा मिरजेपर्यंत जाऊन येऊ. विजेच्या तारा ओढायला लागलेत. डिझेल जाणार आता." आणि मी काय म्हटलं? "गुडघे कुणाचे घेऊ, शेजारणीचे?" तुम्ही हसलात. पुन्हा विचारलं नाहीत. का नाही विचारलंत?

तुम्ही गेल्यावर मी ठरवूनच टाकलं, तुमच्याशिवाय गाडीत बसायचं नाही. पण काल मयुरीनं तिकिटंच काढून आणली. पदर डोळ्याला लावायच्या तयारीनंच मी खिडकीशी बसले.

वळिवड्याच्या पुढं पंचगंगेवर धुकं बसलेलं. ऊस पाण्यात उभा असल्यागत दिसत होता, आणि गाडी त्यातनं झोपेत चालल्यागत चाललेली. समोरची बाई म्हणाली, "आज्जी, कुणीकडं?"

"कुणीकडंच न्हाय. गाडीत बसायला आलोय."

तिनं ओंजळभर शेंगा दिल्या. खाल्ल्या. रुकडी गेलं, हातकणंगले गेलं (हे नाव मयुरीकडून लिहून घेतलं, मला कधीच जमलं नाही). जयसिंगपूर आलं आणि माझ्या ध्यानात आलं, एवढ्या वाटेत तुमची आठवणच आली नाही. हीच ती चूक. इतकी खूश होते मी.

हातातली शेंग तशीच राहिली. मयुरी म्हणाली, "काय झालं गं?"

"तुझा आज्जा मागंच राहिला."

"राहू दे की. त्यास्नी रोजची सवय हाय. पुढच्या गाडीनं येतील."

मिरज येईतोवर मला हसू आवरेना. रागावलात?

आता महिन्यातनं एकदा जाणार आहे. दर वेळी तुमची आठवण काढीन असं वचन देत नाही, खोटं कशाला लिहू. पण कुणी "चल" म्हटलं, तर गुडघ्यांचं नाव काढणार नाही. एवढं नक्की.

तुमची,
हौसा